राजा, दश्शी आणि दुर्री

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक बातमी कायमची मुक्कामाला असते. गाव बदलतं, आकडा बदलतो, बाकी मजकूर जसाच्या तसा. 'अमुक शिवारात बाभळीच्या झाडाच्या आडोशाला काही इसम गोलाकार बसून तिरट नावाचा हारजितीचा जुगार खेळताना मिळून आले. त्यांच्याकडून रोख रक्कम, जुगाराचे साहित्य, मोबाइल व दुचाकी असा मुद्देमाल हस्तगत करण्यात आला.' या बातमीतला माणूस नेहमी इसम असतो. तो सापडत नाही, मिळून येतो. आणि बसतो तो गोलाकारच. चौकोनी बसलेला जुगारी अजून कोणाला मिळून आलेला नाही. मुद्देमालाचा आकडा वाचून आपण दचकतो, पण त्यातली बरीचशी किंमत मोटारसायकलींची असते. डावावरची रक्कम वेगळी काढली तर छाप्याला आलेल्या गाडीचं डिझेल तरी सुटलं असेल का, अशी शंका येते.

तिरट म्हणजे तीन पत्ती. जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या आसपास, पलीकडे भूम-पाटोद्याच्या बाजूला हेच नाव चालतं. तीन पानं मिळतात. ती बघायची, नाहीतर न बघता ब्लाइंड खेळायचं. चाल देत राहायची. झेपलं नाही की पॅक. सगळा खेळ एवढाच, आणि एवढ्यावर माणसांनी एकरं घालवलेली आहेत.

गणिताच्या बाजूनं बघितलं तर तिरटचं एक मोठं वैशिष्ट्य आहे. पोकरवाले ज्या प्रश्नावर रात्री जागवतात, म्हणजे सुरुवातीला आलेली पानं पुढे सुधारण्याची शक्यता किती, तो प्रश्न इथे आधीच निकालात निघालाय. शक्यता शून्य. आली ती तीन पानं आली. बदलून मिळत नाहीत, वर आणखी मिळत नाहीत, आणि तक्रार कुठे करायची त्याची खिडकीही नाही.

पण हे खेळणाऱ्याला मान्य नसतं. तो पानं कशी उघडतो ते एकदा जवळून बघा. तिन्ही पानं एकावर एक चापून धरतो. वरचं दिसतं, राजा. त्याला अंगठ्यानं इतका हळू बाजूला सारतो की मागच्या पानाचा आधी नुसता पांढरा काठ दिसावा, मग लाल की काळा ते कळावं, मग कोपऱ्यातल्या अक्षराची एक रेघ. तिथे तो थांबतो. डोळे मिटतो. कोणी पानावर फुंकर मारतं, कोणी कपाळाला लावतं, कोणी शेजाऱ्याला म्हणतं, 'तू बघ, माझा हात आज बरा नाही.' जणू पान अजून आत शिजतंय आणि घाई केली तर कच्चं निघेल! छापखान्यातून दुर्री म्हणून बाहेर पडलेलं पान दुर्रीच राहतं, हे जगातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्या एका क्षणी फक्त त्याला ठाऊक नसतं.

आता आकडे. बावन्न पानांतून तीन पानं उचलण्याचे एकूण २२,१०० प्रकार होतात. त्यातल्या १६,४४० प्रकारांत हातात काहीही नसतं. जोडी नाही, कलर नाही, सीक्वेन्स नाही, नुसती तीन अनोळखी माणसं एका बाकावर बसलेली. शंभरातले चौऱ्याहत्तर हात हे असे. जोडी येते ती सतरा टक्के वेळा, कलर पाच टक्के, सीक्वेन्स सव्वातीन. ट्रेल, म्हणजे तिन्ही सारखी पानं, फक्त ५२ प्रकारांनी येते. म्हणजे सव्वाचारशे डावांत एकदा.

आणि इथे एक गंमत आहे. प्युअर सीक्वेन्स, एकाच रंगाची ओळीनं तीन पानं, फक्त ४८ प्रकारांनी येते. म्हणजे ट्रेलपेक्षा प्युअर दुर्मीळ. तरी आपल्याकडे ट्रेल मोठी. कसिनोत थ्री कार्ड पोकर नावाचा खेळ असतो, तिथे मोजून-मापून प्युअरला वर बसवलंय. आपल्याकडे तीन एक्के घेऊन बसलेल्या माणसाला 'तुझ्यापेक्षा ही चौकटची तिर्री-चव्वी-पंजी मोठी, कारण गणित' असं सांगायला कोण जाणार? गणित दोन मिनिटांत सुटतं, त्यानंतरचं प्रकरण तालुक्याला जातं.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला हिशेब वेगळाच आहे. सगळे २२,१०० हात रद्दीपासून ट्रेलपर्यंत एका ओळीत उभे केले आणि बरोबर मधला उचलला, तर तो कोणता निघावा? राजा, दश्शी आणि दुर्री. निम्मे हात याच्या वर, निम्मे खाली. म्हणजे राजा दिसल्या दिसल्या ज्याची कॉलर ताठ होते, तो गडी प्रत्यक्षात अगदी मधोमध उभा आहे. समोर एकच भिडू असेल तर निम्मी आशा. पण गोलाकार पाच इसम असले, तर उरलेल्या चौघांपैकी कोणाकडे तरी जोडी किंवा त्याहून मोठं काही असण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. हे ज्याला समजलं त्यानं पॅक करावं. मी आजवर राजा हातात असताना पॅक करणारा माणूस पाहिलेला नाही.

एक पाहिला, असं म्हणता येईल. प्रत्यक्ष नाही, पुस्तकात. त्याच्याकडे नंतर येतो.

ताईचं सासर खर्ड्याचं. दिवाळीच्या पाडव्याला मी तिकडे असतो. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे, त्यामुळे त्या दिवशी ओट्यावर पत्ते पिसायला धर्माचा आधार मिळतो. कायद्याचा मिळत नाही, म्हणून पैशांऐवजी भुईमुगाच्या शेंगा. एकेकापुढे पसा पसा शेंगा ठेवायच्या, चाल दोन शेंगांची, ब्लाइंड एक. यात फक्त एकच अडचण असते. डाव रंगात आला की मधला ढीग वाढायच्या ऐवजी कमी होतो.

ओट्याचे अध्यक्ष तात्या. ताईचे चुलत सासरे, पण गावाचेच तात्या. तिरट त्यांनी उमेदीत भरपूर खेळली आणि भरपूर हरली, हे ते आपणहून सांगतात. किती हरले ते ताईच्या सासूबाई सांगतात.

यंदा भाचा पुण्याहून आला तो पोकर घेऊन. हिंजवडीला नोकरी, शनिवारी रात्री मित्रांच्या फ्लॅटवर पोकर. आधी मोबाइलवर खेळायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद झाले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. तेव्हापासून तो खऱ्या पानांकडे वळला. कायद्यानं आमच्या घराचा झालेला फायदा एवढाच की पोरगं समोर बसून खेळायला लागलं.

"तात्या, तुमच्या तिरटमध्ये सगळं नशीब. यात डोकं लागतं," भाच्यानं सुरुवातच चुकीची केली.

"आरं, डोकं न्हाई म्हनूनच आमी शेंगांवर आलो. सांग."

त्यानं सांगितलं. प्रत्येकाला दोन पानं, ती झाकलेली. मग मध्ये तीन पानं उघडी पडतात, मग चौथं, मग पाचवं. ही पाच सगळ्यांची. आपली दोन आणि ही पाच, या सातांतून उत्तम पाच निवडायची. प्रत्येक टप्प्याला चाल.

तात्यांनी बराच विचार केला. "म्हंजी निम्मं पैसं आदी लावायचं आन पानं मागनं येनार?"

"हो. म्हणून तर हात सुधारण्याची शक्यता काढावी लागते."

"ह्यो तर पीकविमा झाला."

भाच्यानं मोबाइलवर एक तक्ता उघडला. तेरा बाय तेरा घरं, हिरवी, पिवळी, लाल. दोन पानांच्या जोड्या १,३२६ होतात, पण रंगांची अदलाबदल सोडली तर खरे प्रकार १६९. हिरव्यात खेळायचं, लालमध्ये टाकून द्यायचं. सगळ्यात वर एक्क्यांची जोडी. ती २२१ डावांत एकदा येते.

तात्यांनी बोटांवर महिने मोजले. आज पाडवा. रोज एक डाव धरला, तर कार्तिकापासून वैशाखापर्यंत सात महिने, वर पंधरवडा. "वटपौर्णिमेला," ते म्हणाले. "मधी अधिक महिना न्हाई पडला तर." मी घरी आल्यावर कागदावर ताडून पाहिलं. अधिक महिना धरला नाही तर २२१ दिवस, बरोबर वटपौर्णिमा. ज्या माणसाला गणित येत नाही म्हणून आख्खी भावकी हसते, त्यानं चंद्राच्या तिथीत शक्यता काढून दाखवली.

"आन जोडी आली, कंची बी, तर?"

"सतरा डावांत एकदा येते. ती आली की मधल्या पहिल्या तीन पानांत तिसरं सारखं पान मिळण्याची शक्यता पावणेबारा टक्के. पाचही पानं पडेपर्यंत धरली तर एकोणीस."

"पाचातनं एकदा."

"त्याच्यापेक्षा थोडी कमीच. दोन्ही पानं एका रंगाची असली तर लोक फार खुश होतात, पण खरं म्हणजे पाच पानं पडेपर्यंत त्याच रंगाचा कलर होतो सोळा डावांत एकदा. पहिल्या तीन पानांतच कलर लागणं तर ११९ डावांत एकदा. एका रंगाची असल्यानं जिंकायची शक्यता वाढते ती दोन-अडीच टक्क्यांनी, बस."

हे ऐकून ओट्यावर खरंच वाईट वाटलं. एकाच रंगाची दोन पानं बघून हरखून न जाणं हे माणसाच्या स्वभावात बसत नाही. दोन बदाम दिसले की तिसरा येणारच, तो वाटेतच आहे, आत्ता जामखेड स्टँडवर उतरला असेल, असं वाटत राहतं.

भाच्याचं पुढचं कलम जास्त कामाचं होतं. पहिली तीन पानं उघडल्यावर कलरला एकच पान कमी असेल, तर त्या रंगाची नऊ पानं बाहेर उरलेली असतात. नऊ गुणिले चार, छत्तीस. साधारण तेवढे टक्के. काटेकोर उत्तर पस्तीस आहे, पण खेळताना काटेकोर कोण बघतो? एकच पान यायचं राहिलं असेल तर चारऐवजी दोननं गुणायचं. हा पाढा पोकरवाल्यांत सगळ्यांना पाठ असतो. तो पाठ असूनही ते हरतात. कारण पस्तीस टक्के म्हणजे तीनांतून दोनदा कलर लागणार नाही, हे वाक्य ऐकताना माणूस फक्त पहिला शब्द ऐकतो.

"आन पॅक कधी करायचं?" तात्यांनी विचारलं.

"बहुतेक वेळा. चांगले खेळाडू दहातले सात-आठ हात सुरुवातीलाच टाकतात."

"मग ते खेळत्यात कवा?"

याचं उत्तर भाच्याकडे नव्हतं. तात्यांकडे होतं, आणि ते २३० वर्षांपूर्वीचं होतं.

खर्ड्याच्या माणसासमोर 'डाव' म्हटलं की तो एका जागी जातोच. ११ मार्च १७९५. एका बाजूला हैदराबादचा निजामअली, दुसऱ्या बाजूला पेशव्यांचं सगळं लष्कर. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे रघूजी भोसले, सरसेनापती परशुरामभाऊ पटवर्धन, मागे नाना फडणवीस आणि मध्ये विशीतले सवाई माधवराव. पेशव्यांच्या जरीपटक्याखाली सगळे मोठे सरदार एकत्र आले ते शेवटचे इथेच. कारण थकबाकी, चौथाईची. आता निंबाळकरांच्या किल्ल्यापाशी २०२१ च्या दसऱ्याला उभारलेला ७४ मीटरचा भगवा लांबून दिसतो. त्याच्याकडे बोट करून तात्या सगळी लढाई पत्त्यांच्या भाषेत सांगतात. ही त्यांची पद्धत मला आधी आगाऊपणाची वाटायची. पण बखरी आणि इतिहासकार ग्रँट डफ वाचल्यावर लक्षात आलं की या प्रकरणाला तीच भाषा लागू पडते.

सुरुवात बघा. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क. थकबाकी मागायला आलेल्या वकिलाला त्यानं उडवून लावलं. निजामाच्या छावणीत गप्पा काय, तर पुण्याच्या पेशव्याला कमरेला पंचा आणि हातात तांब्या देऊन काशीला धाडू. याला तिरटमध्ये ब्लाइंड चाल वाढवणं म्हणतात. पानं न बघता. निजामाचा भरवसा होता इंग्रजांवर. ते पाचवं पान होतं, पडलं की हात सुधारणार. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी आम्ही यात नाही असं कळवलं. पान पडलंच नाही.

तरी निजामाचा हात रद्दी नव्हता, हे लक्षात ठेवायला पाहिजे. रेमंड नावाच्या फ्रेंच सरदारानं तयार केलेली कवायती पलटण त्याच्याकडे होती आणि ती दिवसभर नीट लढली. शिंद्यांकडेही पेराँच्या हाताखालची तशीच पलटण. संध्याकाळपर्यंत निकाल लागलेला नव्हता. चौऱ्याहत्तर टक्क्यांतल्यासारखा मोकळा हात नव्हता तो, जोडी तरी नक्की होती.

मग रात्र झाली. निजामाचा जनानखाना बरोबर होता. लढाईला कुटुंब घेऊन यावं का, हा वेगळा विषय. तोफांच्या आवाजानं बायका घाबरल्या, त्यांनी मागे चला असा धोशा लावला आणि निजामअलीनं माघारीचा हुकूम दिला. ग्रँट डफनं पुढचं लिहिलंय. मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर गेली. तिथे नेमके निजामाचे लोक होते. अंधारात कोणीतरी बार टाकला, त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं, रेमंडच्या पहाऱ्यांनी बंदुका चालवल्या, आणि बघता बघता निजामाची आख्खी छावणी एकमेकांवर गोळ्या झाडत उधळली. सकाळी सामान, तोफा, सगळं रानात पडलेलं आणि निजामअली खर्ड्याच्या किल्ल्यात.

"घोडी पानी प्यायला गेली आन डाव आला," तात्या म्हणतात. "ह्याची टक्केवारी काढ की तुझ्या मोबाइलात."

भाच्यानं मोबाइल उलटा ठेवला.

किल्ल्यात कोंडलेल्या निजामानं पॅक केलं. दौलताबादचा किल्ला, परिंड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोटी रुपये, आणि वर खुद्द मुशीरुल्मुल्क, जो तांब्या देणार होता तो, मराठ्यांच्या ताब्यात. एवढा मोठा पॉट मराठेशाहीनं त्यानंतर ओढला नाही. पुण्यात काय आनंद झाला असेल!

आणि आता तात्यांचा मुद्दा. सात महिन्यांनी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. वयाच्या एकविसाव्या वर्षी. मागे मूल नाही. गादीवर कोण, यावरून पुण्यात जे सुरू झालं त्यात नाना फडणवीसांनाच पळून महाडला जायची वेळ आली. मित्र पाहिजे होते, कोणीही. मग ऑक्टोबर १७९६ मध्ये महाडचा तह झाला, आणि खर्ड्याला जिंकलेला मुलूख परत द्यायचा, राहिलेल्या रकमेवर पाणी सोडायचं असं नानांनी निजामाला कबूल केलं. मुशीरुल्मुल्क सुटून हैदराबादला गेला आणि पुन्हा दिवाण झाला. दीड वर्षात सगळा पॉट उलटा सरकला, आणि तोही शो न होता.

"आता सांग," तात्या भाच्याला म्हणाले, "खर्ड्यात जितलं कोन?"

"मराठे."

"आन फायद्यात कोन ऱ्हायलं?"

भाचा गप्प.

"पॅक करनारा. आमच्या गावच्या शिवारात आजपातुर येळंवर पॅक करनारा एकच मानूस झाला, आन त्यो बी हैदराबादचा."

इतिहासाचे प्राध्यापक हे ऐकून हातातला खडू टाकतील. निजाम वेळेवर उठला नव्हता, घाबरून उठला होता, आणि १७९८ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज दारात घेऊन बसला. त्याचा फायदाही तसा घटकेचाच. पण मला तात्यांचं म्हणणं खोडावंसं वाटलं नाही. पोकरच्या सगळ्या तक्त्यांत हात सुधारण्याचा हिशेब असतो. जिंकलेला ढीग घरापर्यंत नेण्याची शक्यता किती, याचं घर त्या १६९ घरांत नाही.

ताई चहा घेऊन आली आणि तिनं वेगळाच विषय काढला. हे सगळं कायद्यात बसतं का? भाच्यानं ऐटीत सांगितलं की रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्येच म्हटलंय. ते खरंच आहे. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध सत्यनारायण असा तो खटला, सिकंदराबादच्या एका क्लबचा. कोणतं पान पडलं ते ध्यानात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं, कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून रमीत कौशल्य जास्त. पोकरवर मात्र न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवलं.

रमीचं नाव निघाल्यावर आमच्या भागात जुलै २०२५ निघणारच. खर्डा येतं कर्जत-जामखेड मतदारसंघात, आणि विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्ते दिसत असलेला व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकला तो याच मतदारसंघाच्या आमदारांनी. मंत्रिमहोदयांचं म्हणणं, मी खेळत नव्हतो, समोर आलेलं घालवत होतो. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं काढलं आणि त्यांना क्रीडा खातं दिलं. न्यायालयाला जे समजावून सांगायला निकालपत्र लिहावं लागलं, ते सरकारनं एका खातेबदलात मान्य केलं, असं ओट्यावरचं मत पडलं.

"आन तिरटचं काय म्हनलं कोरटानं?" तात्यांनी विचारलं.

त्याच निकालात तेही आहे. तीन पत्त्यांचा खेळ, ज्याला फ्लश, ब्रॅग वगैरे म्हणतात, तो निव्वळ नशिबाचा. मी तसं सांगितलं.

तात्या उठून बसले. "निव्वळ नशिबाचा? असं लिवलंय?"

"लिहिलंय."

"म्हंजी मी जे हारलो, त्यात माजी काय बी चूक न्हवती."

"निकालाचा अर्थ तसाही काढता येईल."

त्यांनी आत स्वयंपाकघराकडे तोंड करून, आजूबाजूच्या चार ओट्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वहिनीला, म्हणजे ताईच्या सासूबाईंना, हाक मारली आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडल्याची बातमी दिली. आतून डबा जोरात ठेवल्याचा आवाज आला. अपील दाखल झालं होतं.

मग एक डाव पोकरचा झाला. भाच्यानं वाटला. शेंगांचा ढीग मध्ये. पहिल्याच फेरीत भाच्यानं दहा शेंगा लावल्या, चेहरा दगडासारखा. पोकरमध्ये चेहरा दगडासारखा ठेवायचा असतो. पण पुण्यात राहून त्यानं कान लाल होऊ द्यायचे नाहीत हे शिकून घेतलेलं नव्हतं. मी पॅक केलं. आमच्या जावईबापूंनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, पॅक केलं. तात्यांनी दहा शेंगा मोजून पुढे सारल्या.

मधली तीन पानं पडली. किलवर सत्ती, बदाम राजा, चौकट दुर्री. भाच्यानं अजून वीस लावल्या. तात्यांनी वीस. चौथं पान इस्पिक नव्वी, पाचवं बदाम चव्वी. भाच्यानं उरलेल्या सगळ्या पुढे लोटल्या. तात्यांनीही लोटल्या, पण नाराजीनं, मान हलवत.

भाच्यानं पानं उघडली. दोन एक्के! वटपौर्णिमा पाडव्यालाच आली होती.

तात्यांनी उघडली. इस्पिक सत्ती आणि बदाम दुर्री. तक्त्यातलं सगळ्यात बदनाम, लालभडक घर.

"तात्या, सत्ती-दुर्री कोण खेळतं? हे जगातलं सगळ्यात रद्दी समजतात!"

"आरं, सात आन दोन. मधी एक एक्का पडला की सातबारा पुरा हुतो. सातबारा कोन सोडतंय व्हय? पर एक्का काय आला न्हाई. जाऊ दे, तुजी एक्क्याची जोडी मोठी. घे."

भाचा पानांकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या दोन जोड्या झाल्यात. तुम्ही जिंकलात." एक्क्यांच्या जोडीपुढे सत्ती-दुर्री आठांतून एकदा जिंकते. पहिल्या तीन पानांतच दोन्ही पानांची जोडी लागणं, ते पन्नासातून एकदा. त्यानं हे सगळं सांगून टाकलं, आणि सांगताना एक्के खाली ठेवेना.

तात्यांना जिंकल्याचा आनंद झाला तो सातबारा अपुरा राहिल्याच्या दुःखातून वाट काढत काढत. त्यांनी दोन्ही हातांनी ढीग पुढ्यात ओढला. ओढल्यावर तो फार हलका लागला. चाचपून पाहिलं, तर निम्म्याहून जास्त टरफलं.

"शेंगा कुनी खाल्ल्या?"

गोलाकार बसलेल्या सगळ्या इसमांनी एकाच वेळी लोकमान्यांची भूमिका घेतली. खाल्ल्याही नाहीत आणि उचलणारही नाही. ताई खराटा घेऊन दारात उभी होती, आणि जावईबापू मात्र गालातलं गिळेपर्यंत काही बोलायला तयार नव्हते.